भिंतीतलं बिऱ्हाड

माणसाचं वय चोपन्न झालं, डोक्यावरचे निम्मे केस गेले, उरले ते पांढरे झाले, लेक कॉलेजात जायला लागली, तरी सगळी गल्ली त्याला ‘धाकटा’ म्हणते, याचा माणसाला राग यावा की नाही? तर यावा. आणि या धाकट्याला राग यायला एवढं सबळ कारण लागतच नसे. सकाळी चहा गरम आहे म्हणून राग, पाच मिनिटांनी तो गार झाला म्हणून राग.

दुकान दोघा भावांचं. खिडक्यांच्या काचा, आरसे, फोटोंच्या चौकटी. थोरला पुढच्या बाजूला उभा राहून गिऱ्हाइकाशी गोड बोलायचा आणि मापं लिहून घ्यायचा. धाकटा मागच्या खोलीत काच कापायचा. दोघांच्या मध्ये टेबलाशी वहिनी, म्हणजे थोरल्याची बायको, फोन आणि पावत्या सांभाळत बसायची. धाकट्याला गिऱ्हाइकासमोर जायची मनाई होती, आणि ती का होती तेही ऐकण्यासारखं आहे. एकदा एक सद्गृहस्थ आरसा हवा म्हणून आले. माप काय, तर म्हणे साडेतीन वीत. धाकट्याने विचारलं, कोणाची वीत? ते म्हणाले, बायकोची. धाकटा म्हणाला, “मग बायकोला घेऊन या. ती येत नसेल तर निदान तिचा हात तरी घेऊन या.” ते गृहस्थ जे गेले ते त्या रस्त्यानेही पुन्हा दिसले नाहीत. त्या दिवसापासून थोरला पुढे आणि धाकटा मागे.

गंमत अशी, की हा सगळा राग त्याच्या तोंडात असे, हातात कधीच उतरत नसे. काच कापायची हिरकणी ओढताना बोट नुसतं शहारलं तरी काच वाकडी जाते. तेव्हा तीस वर्षांत त्याचा राग मुकाट्याने खांद्याच्या वर राहायला शिकला होता. वर तोंड पेटलेलं, खाली हात देवमाणसाचे.

आणि त्याच हातांनी त्याने मुंग्या पाळल्या होत्या.

म्हणजे सुरुवात लेकीने केली. नऊ वर्षांपूर्वी, ती पाचवीत असताना, दुकानासमोर टेकवून ठेवलेल्या एका काचेवर तिला एक जाडजूड काळी मुंगी सापडली. पंख नुकतेच गळलेले, एकटीच. लेक शाळेतल्या बाईंना विचारून आली, ही राणी आहे म्हणून. औषधाच्या रिकाम्या बाटलीत ओला कापूस घालून तिने राणीला ठेवलं, आणि पोरींच्या रीतीप्रमाणे पंधरा दिवसांत विसरून गेली. धाकटा विसरला नाही. बाटलीत अंडी झाली, अंड्यांच्या अळ्या, अळ्यांच्या मुंग्या. बाटली पुरेना. मग मागच्या खोलीच्या भिंतीत एक जुनी खिडकी होती, पलीकडच्या बाजूने विटांनी बुजवलेली, तिच्या खोबणीत त्याने प्लास्टर भरलं, त्यात बोळ आणि खोल्या कोरल्या, वर काच बसवली आणि चारी बाजूंनी लाकडी पट्ट्या ठोकल्या. झालं मुंग्यांचं घर. भिंतीतच. साखरेचं पाणी, मेलेल्या माश्या, कधी अंड्याच्या बलकाचा कण. आता आत हजारावर मुंग्या होत्या, आणि राणी तीच होती. लेक परगावी शिकायला गेली होती. ती फोनवर ‘बाबा, तुम्ही कसे आहात’ असं कधी विचारायची नाही. ‘राणी कशी आहे’ असं विचारायची, आणि त्यात सगळं यायचं.

तर एका सोमवारी सकाळी धाकटा काच मापत असताना थोरला मागच्या खोलीच्या दारात आला आणि म्हणाला, शुक्रवारी दुपारी बारा वाजता वाळवीवाला येतोय, सगळ्या भिंतींत औषध भरायचं आहे, तर काचा मधोमध ओढून ठेव.

थोरल्याचंही अगदीच चूक नव्हतं. काचा उभ्या ठेवायच्या लाकडी मांडणीचा एक पाय वाळवीने आतून पोखरला होता. सहा फुटी काच कोणाच्या अंगावर आली असती तर हॉस्पिटलच गाठावं लागलं असतं. आणि हा वाळवीवाला दीड-दोन महिने तारीख देत नसे, इतकं त्याला काम. पण तारीख ठरली होती पंधरा दिवसांपूर्वी, आणि धाकट्याला ती कळत होती आज.

“आणि माझ्या मुंग्या?” धाकट्याने विचारलं.

“मुंग्याच आहेत रे,” थोरला म्हणाला. “दुसऱ्या मिळतील.”

धाकट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातली काच त्याने अलगद, अगदी अलगद खाली ठेवली. आणि त्या क्षणापासून त्याने थोरल्याशी बोलणं टाकलं.

आता दोन माणसांच्या दुकानात बोलणं टाकायचं म्हणजे मधल्या माणसाचं मरण. धाकटा तिथूनच म्हणायचा, “वहिनी, त्यांना सांगा, चार बाय तीनची काच तयार आहे.” ‘ते’ सहा फुटांवर उभे. ऐकू सगळं येतंय. पण वहिनीने वळून सांगितल्याशिवाय थोरलाही हलायचा नाही. तो म्हणायचा, “त्याला सांग, उचलायला मदत हवी.” मग काच दोघांनी मिळून उचलायची, एक पुढे, एक मागे, आणि एकमेकांकडे बघायचं नाही. मंगळवारी दुपारी वहिनीने दोघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की निरोप पोचवायचं काम तिच्या सासरच्यांनी लग्न ठरवताना सांगितलं नव्हतं.

भिंतीतलं घर उचलून नेता येण्यासारखं नव्हतं. मुंग्यांना आपल्या पायांनी चालत बाहेर यायला हवं होतं. म्हणून धाकट्याने सोमवारीच नवीन घर करायला घेतलं. अडीच फूट लांब, दीड फूट रुंद पेटी, खाली प्लास्टरचा जाड थर, त्यात पट्टी लावून कोरलेले सरळ रेषेतले बोळ, वर आठ मिलीमीटरची काच. मुंग्यांना इतकी जाड काच कशाला, असं घरी त्याच्या बायकोने विचारलं, तर तिच्यावरही भडकला. पातळ काच लावणं त्याच्या स्वभावात नव्हतं. कडा घासून गुळगुळीत केल्या, सांधे सिलिकॉनने भरले, काच पुसून पुसून अशी लख्ख केली की आहे की नाही ते बोट लावून बघावं लागे. मंगळवारी संध्याकाळी भिंतीतल्या पट्टीला भोक पाडून त्याने एक काचेची नळी नव्या घराला जोडली, नीट दिसावं म्हणून वर दिवा लावला, आणि स्टूल ओढून बसला.

दोन मुंग्या आल्या. नळीच्या टोकापर्यंत गेल्या, मिशा हलवल्या आणि परत फिरल्या.

लेक फोनवर म्हणाली, “बाबा, दिवा कुठे लावलात? नव्या घरावर? अहो, त्यांना अंधार लागतो. जुन्या घरावर उजेड पाडा आणि नवं झाका.” हे त्याला ठाऊक असायला हवं होतं. नऊ वर्षं भिंतीतल्या घरावर पुठ्ठा कोणी लावला होता? पण चकचकीत नवं घर बांधून ते झाकून ठेवायचं, ही गोष्ट कुठल्याही काचवाल्याच्या हाताला सुचणारी नाही. त्याने तणतणत नव्या घरावर जाड कागद टाकला आणि दिव्याचं तोंड भिंतीकडे वळवलं.

बुधवारी सकाळी तीन मुंग्या आल्या. तिन्ही परत गेल्या.

आता त्याचा राग थोरल्यावरून उतरून मुंग्यांवर गेला. नऊ वर्षं खाऊ घातलं, ओल राखली, बुरशी लागली तर ब्रशने पुसली, आणि या भवान्यांना नवं घर पसंत नाही. आत काय कमी आहे ते तरी सांगा, असं तो काचेला तोंड लावून म्हणाला. वहिनीने ते ऐकलं, पण हा निरोप कोणाला द्यायचा ते तिला कळेना, म्हणून गप्प बसली. दुपारी मात्र तो छिन्नी आणि हातोडी घेऊन भिंतीसमोर उभा राहिला. पट्ट्या उखडतो, प्लास्टर फोडतो आणि चमच्याने भरतो एकेकीला, म्हणाला.

वहिनी टेबलावरून उठून आली. “भावजी, राणी आत नेमकी कुठे बसते?”

धाकट्याला सांगता येईना. राणी सगळ्यात मागच्या खोलीत असायची, विटांच्या सांध्यात. गेल्या वर्षभरात ती त्याला चार-पाचदाच दिसली होती. छिन्नीचा एक घाव जरी चुकीच्या जागी बसला तरी संपलं. आणि राणी गेली की नवीन अंडी नाहीत. बाकीच्या हजार जणी थोडे महिने इकडून तिकडे पळतील, एकेक करून मरतील, आणि फोनवर लेकीला सांगायला काही उरणार नाही. त्याने छिन्नी खाली ठेवली. त्या दिवशी त्याने चहा गरम होता तरी काही म्हटलं नाही, तेव्हा वहिनीला खरी काळजी वाटायला लागली.

गुरुवारी अकरा वाजता वाळवीवाला जागा बघायला आला. तिशीचा, हसऱ्या तोंडाचा, पाठीला पंप. धाकटा त्याच्याकडे असा बघत होता, की दुसरा कोणी असता तर तिथूनच पळाला असता. याच्या पंपात नऊ वर्षांचा शेवट भरलेला. पण वाळवीवाला भिंतीजवळ गेला, काचेतून आत बघितलं, आणि त्याचा चेहराच बदलला. किती वर्षांच्या, खायला काय, राणी केवढी, असं तो विचारत सुटला. धाकटा दात-ओठ खात एकेका शब्दात उत्तरं देत होता. मग वाळवीवाला नव्या घरावर वाकला आणि मागे सरला.

“काका, इथे व्हिनेगर सांडलंय का?”

“व्हिनेगर? काचेच्या दुकानात?”

“मग हा वास कसला? नाक झोंबतंय माझं. लोकांच्या ओट्यावरून मुंग्या हाकलायच्या असतील तर मी व्हिनेगरनेच पुसून घ्यायला सांगतो. याच्या आत एक मुंगी पाऊल टाकणार नाही.”

सिलिकॉन. ओलं असताना त्याला तसाच वास येतो, हे काचकामाला नवीन लागलेलं पोरही सांगेल. पण तीस वर्षं रोज त्या वासात उभं राहिल्यावर दोघा भावांची नाकं त्या बाबतीत केव्हाच मेली होती, आणि वहिनीचंही नाक त्याच वाटेवर होतं. धाकट्याने जो सांधा सगळ्यात जास्त जीव लावून भरला होता, तोच घराच्या दारात पहारा देऊन बसला होता.

असं काही कोणी सांगितलं तर शहाणा माणूस आभार मानतो. धाकट्याने विचारलं, “तुझं काम मुंग्या मारायचं की वाचवायचं?”

“उद्या बारापर्यंत वाचवायचं,” वाळवीवाला म्हणाला, अजिबात वाईट वाटून न घेता. वास प्लास्टरमध्येही मुरला असणार, ते बदला. आणि त्यांच्याच घरातला थोडा कचरा नव्या घरात टाका, म्हणजे ओळखीचं वाटेल, असं सांगून तो निघून गेला.

धाकटा कचऱ्याच्या नावाने जरा धुमसला. मग पेटी फोडायला बसला. सगळं सिलिकॉन ब्लेडने खरवडलं आणि बाजूच्या पट्ट्या फेकून दिल्या. नवं प्लास्टर कालवलं, ओतलं आणि ते घट्ट व्हायच्या आत चमचा आणि खिळ्याने घाईघाईत बोळ कोरले. सरळ रेषा कुठली? सगळं वेडंवाकडं, एखाद्या खट्याळ पोराने भिंतीवर कोळसा फिरवावा तसं. स्वतःचं असलं काम त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं. हात धुऊन तो चहा प्यायला समोर गेला आणि परत आला, तर ओट्यावर चार लाकडी पट्ट्या कापून ठेवलेल्या. टोकं तिरकी छाटलेली, खिळ्यांसाठी भोकंही पाडलेली. थोरला पुढे गिऱ्हाइकाशी गोड बोलत होता, जसं काही झालंच नाही.

धाकट्याने पट्ट्या मापल्या. बरोबर होत्या. पुन्हा मापल्या, यावेळी चूक सापडेल या आशेने. अर्ध्या मिलीमीटरचाही फरक नाही. याचा तर त्याला फारच राग आला. पण पट्ट्या त्याच लावल्या.

दुकान बंद व्हायच्या सुमाराला भिंतीतल्या घरातला चिमूटभर चुरा, माश्यांचे पंख, कोषांची रिकामी सालं, असं सगळं त्याने ब्रशने ओढून नव्या घरात टाकलं, नळी जोडली, कागद टाकला, आणि न बघता घरी गेला. बघितलं असतं तर राग आवरला नसता.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता नळी काळी झाली होती. मुंग्यांची रांग लागली होती. प्रत्येकीच्या तोंडात पांढरा कोष, किंवा अळी, किंवा अंड्यांचा पुंजका. काही जणी तर दुसऱ्या मुंगीलाच मुटकुळं करून उचलून नेत होत्या. ज्यांना जायचं नाही त्यांना असं न्यायचं, अशी त्यांच्यात रीत. धाकटा अडीच तास स्टुलावरून उठला नाही. दहाला अर्धी नळी जाती-येती होती. अकराला फक्त जाती. साडेअकराला रांग विरळ झाली. राणीचा पत्ता नाही.

पावणेबाराला वाळवीवाला पंप घेऊन हजर. पुढे थोरल्याने त्याला अडवलं. दोन वाजता दुसरीकडे पोचायचं आहे, असं तो सांगायला लागला, तर आयुष्यभर गिऱ्हाइकांशी साखर पेरणारा थोरला खेकसला, की थांबायला सांगितलंय ना, मग थांबायचं, आत काम चाललंय. वहिनीने मान वर करून नवऱ्याकडे असं बघितलं, की हा कोण.

मग ते तिघेही हळूच मागच्या खोलीत आले. बाराला पाच कमी असताना भिंतीच्या भोकातून एक मोठं काळं डोकं बाहेर आलं. त्यामागे तेवढीच जाड पाठ. राणी. तिच्याभोवती पाच-सहा जणी, पुढे ओढणाऱ्या, मागून ढकलणाऱ्या. ती नळीत दोन बोटं सरकली.

आणि थोरल्याने, भावाला नीट दिसावं म्हणून, खिशातला टॉर्च काढून नळीवर धरला.

राणी थबकली. सगळ्या जणी एकदम उलट्या फिरल्या. एका श्वासात डोकं, पाठ, सगळं भिंतीत परत.

“दादा, उजेड बंद कर.”

टॉर्च विझला. धाकट्याने उठून मागच्या खोलीचा दिवाही बंद केला, दार लोटलं, आणि चौघं जण अंधारात उभे राहिले. पण आता तोंड उघडलंच होतं.

“टॉर्च लावायच्या आधी विचारलंस? तारीख ठरवायच्या आधी विचारलंस? मांडणी हलवली तेव्हा विचारलंस? पाटीवर रंग कुठला द्यायचा, सुट्टी कुठल्या वारी, मला मागे बसवायचं की पुढे. एकदा तरी विचारलंस, की बाबा रे, तुला काय वाटतं?” हे सगळं तो कुजबुजत बोलत होता, मुंग्यांना धक्का बसू नये म्हणून, आणि कुजबुजलेला राग ऐकायला फार वाईट असतो.

थोरल्याने विझलेला टॉर्च खिशात सरकवला. मग म्हणाला, “विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास.”

“हो. नाहीच म्हणालो असतो. मग दोन तास भांडलो असतो, आणि शेवटी हीच तारीख ठरली असती. पण भांडलो तरी असतो. तू मला भांडूही दिलं नाहीस.”

वाळवीवाला हळूच म्हणाला, की त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला तो फोन करून अर्ध्या तासाने येतो म्हणून सांगतो. आणि अंधारात चाचपडत बाहेर गेला. थोड्या वेळाने तसाच चाचपडत परत आला. बारा वाजून वीस मिनिटांनी दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडाच्या कडेला नळीत काहीतरी जाड सरकताना दिसलं. खूप हळू. मध्ये ती थांबली, तेव्हा चौघांनीही श्वास धरला. मग कागदाखाली गेली.

धाकट्याने नळी काढली आणि नव्या घराच्या भोकात कापसाचा बोळा बसवला. मागे राहिलेल्या पाच-पन्नास मुंग्या ब्रशने गोळा करून वरच्या बारीक झाकणातून आत सोडल्या. वाळवीवाल्याने त्याच्याकडे बघून मान हलवली. धाकटा त्याला म्हणाला, भिंतीच्या वरच्या कोपऱ्यातही औषध भर, तिथे वाळवी आहे, नुसतं खाली मारून जाऊ नकोस. हे त्याचं आभार मानणं होतं.

आता पेटी घरी न्यायची. आठ मिलीमीटरची काच आणि ओलं प्लास्टर. एकट्याने उचलणं शक्य नाही. थोरला न सांगता मागच्या बाजूला येऊन उभा राहिला. दोघांनी उचललं, आणि उचलल्याबरोबर थोरल्याने आपली बाजू वर केली. त्याचा काही दोष नाही. काच उभी न्यायची, हे तीस वर्षांचं वळण. आडवी काच स्वतःच्या वजनाने तडकते.

“आडवी धर,” धाकटा ओरडला. “आत माणसं आहेत.”

मुंग्या म्हणायचं होतं, पण कोणी सुधारलं नाही.

रस्त्याने दोघं काचवाले काच आडवी घेऊन निघाले. समोरचा सायकलवाला बघून हसला. दर दहा पावलांनी थोरल्याचा हात आपोआप वर जायचा आणि दर दहा पावलांनी धाकटा त्याला झाडायचा, की खाली, डावीकडे खाली, एवढं साधं कळत नाही, तीस वर्षं काय काचा उचलल्या की पतंग. थोरला घामाघूम झाला, पण गुपचूप ऐकून घेत होता. असं अर्धा रस्ता चालल्यावर रस्ता फुटतो तिथे ते आले. डावीकडून गेलं की चढ लागतो पण सावली आहे. उजवीकडून सपाट पण खड्डे. घरी दोन्हीकडून जाता येतं, आणि थोरला नेहमी डावीकडूनच जातो.

तो थांबला. हातातलं वजन सांभाळत मागून विचारलं, “कुठून नेऊ रे? डावीकडून की उजवीकडून?”

धाकट्याने लगेच उत्तर दिलं नाही. तो उभाच राहिला. आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. मागे थोरल्याचे हात थरथरायला लागले होते. धाकटा आणखी थोडा वेळ विचार करत राहिला.